वहाळातून उतरणारी दरड

मे महिना सरत आला की या सदराकडे डोंगराखालच्या गावांतून पत्रे येऊ लागतात. यंदाची पत्रे मुख्यतः रायगड, रत्नागिरी, सातारा आणि पुणे या जिल्ह्यांतील असून, पावसात डोंगर सुटला तर आपल्या वाडीचे काय होईल, ही चिंता त्या सर्वांत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, लिहिणाऱ्यांची नावे न देता, येथे उत्तरे दिली आहेत.

आमची वाडी डोंगराच्या पायथ्यापासून अर्धा किलोमीटर अलीकडे, वहाळाच्या काठी, चांगल्या सपाट जागेवर आहे. आजोबांच्या काळापासून येथे दरड आल्याचे कोणी ऐकलेले नाही. कड्याला चिकटून घरे असलेल्यांची भीती समजते; पण आम्हीही भ्यावे का?
– एक वाचक, पोलादपूर तालुका

घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु आपण ज्या तीन गोष्टींवर विसंबला आहात, त्यांपैकी एकीचाही भरवसा धरता येत नाही. दरड म्हटले की घराच्या मागचा डोंगर खचून थेट घरावर येतो, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते आणि अशा घटना घडतातही. मात्र सह्याद्रीत दरडीचे दुसरे रूपही तितकेच घातक आहे. वरच्या एखाद्या घळीत, वस्तीच्या नजरेआड, मातीचा मोठा तुकडा सुटतो, पाण्याने भरलेला असल्यामुळे घसरता घसरताच त्याचा चिखल होतो, तो वहाळाच्या पात्रात उतरतो आणि पात्रातील दगडगोटे, काठची माती, मुळांसकट उपटलेली झाडे असे सारे पोटात घेत खाली येतो. म्हणजे सुटलेली माती थोडी असली तरी खाली पोहोचणारा लोंढा तिच्या कित्येक पट मोठा असू शकतो. तो ओल्या काँक्रीटसारखा घट्ट असल्यामुळे, साध्या पुराला हलणार नाहीत असे घराएवढे धोंडे तो सहज वाहून आणतो आणि त्यांची रास बहुधा लोंढ्याच्या तोंडाशीच असते. माणसाच्या धावण्यापेक्षा त्याचा वेग जास्त असतो.

आता अंतराविषयी. केरळमधील वायनाड जिल्ह्यात ३० जुलै २०२४ च्या पहाटे सुटलेल्या दरडीचा उगम समुद्रसपाटीपासून सुमारे १५५० मीटर उंचीवर होता आणि तिचा लोंढा नदीच्या पात्रातून सुमारे आठ किलोमीटर खाली गेला. मुंडक्कई आणि चूरलमला येथील घरे ज्या डोंगरामुळे गेली, तो त्यांच्या परसात नव्हता. म्हणून पायथा किती लांब आहे हे मोजण्याऐवजी आपल्या वाडीशेजारून जाणारा वहाळ कोठून येतो, त्याच्या माथ्याला किती घळी मिळतात आणि त्या किती उभ्या आहेत, हे आधी पाहावे.

सपाटीविषयीही तसेच. उभ्या डोंगरातून बाहेर पडणारा वहाळ जेथे मोकळा होतो, तेथे त्याने आणलेला गाळ-दगड पंख्याच्या आकारात पसरून हलक्या उताराची जमीन तयार होते. पाणी जवळ, जमीन खणायला सोपी, घर बांधायला बरी. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या माणसे नेमकी तेथेच वसली. पण ती जमीन मुळात अशाच लोंढ्यांनी आणून टाकलेली असू शकते. आपल्या वाडीत विहीर किंवा घराचा पाया खणताना काय निघाले, ते जुन्या माणसांना विचारावे. बारीक मातीत लहानमोठे धोंडे कसलाही क्रम नसल्याप्रमाणे रुतलेले निघाले असतील, तर ते बहुधा अशा लोंढ्याचे काम आहे, कारण साधे वाहते पाणी दगड, वाळू आणि गाळ बऱ्याच प्रमाणात वेगवेगळे करून टाकते. वहाळाच्या दोन्ही काठांवर बांधासारख्या दगडांच्या रांगा आहेत का, पात्रापासून बऱ्याच उंचीवर झाडांच्या खोडांना जुने मार लागलेले आहेत का, आजच्या पाण्याला आणता येणार नाहीत असे धोंडे शेतात बसलेले आहेत का, हेही पाहून घ्यावे. हे काम पावसापूर्वी, पात्र कोरडे असताना, गावातील दोन-चार जाणत्या माणसांबरोबर आणि दोन-चार तरुणांबरोबर वहाळ चढून जाऊनच करता येते.

राहिली आजोबांची आठवण. एकाच घळीतून दोन मोठे लोंढे येण्यामध्ये शंभर किंवा त्याहून अधिक वर्षेही जाऊ शकतात. मधल्या काळात घळीच्या तळाशी माती पुन्हा साठत राहते. आंबेगाव तालुक्यातील माळीण हेही अनेक पिढ्या नांदते गाव होते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तेथे १५१ माणसे गाडली गेली आणि गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळले, ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे.

आमच्या गावाचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नाही. सर्वेक्षणाच्या नकाशातही आमचा भाग लाल दाखवलेला नाही. मग ग्रामपंचायतीने यावर खर्च कशासाठी करावा, असे काही सदस्यांचे म्हणणे आहे.
– एक ग्रामपंचायत सदस्य, भोर तालुका

खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीही दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. इरशाळगडाच्या पोटातील त्या ठाकर वस्तीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. शोधकार्य थांबवले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ताच राहिले. यादीत नाव असणे हे धोक्याचे कारण मानावे, पण नाव नसणे हे निर्धास्त होण्याचे कारण मानू नये.

नकाशाची मर्यादा समजून घ्यावी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशभरातील डोंगराळ प्रदेशांचे जे दरडप्रवणतेचे नकाशे तयार केले आहेत, ते १:५०,००० या प्रमाणावर आहेत, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर होतो. तीस घरांची वाडी अशा नकाशावर दोन-चार मिलिमीटरांत मावते. तालुक्यातील कोणत्या पट्ट्याकडे आधी लक्ष द्यावे, हे ठरवायला हा नकाशा उत्तम आहे. कोणते घर वहाळाच्या वाटेत आहे, हे सांगण्यासाठी तो काढलेलाच नाही. शिवाय असे नकाशे प्रामुख्याने दरड कोठे सुटू शकते, हे दाखवतात. सुटलेली दरड पुढे कोठवर जाईल, हा वेगळा प्रश्न असून आपल्या वाडीसाठी महत्त्वाचा तोच आहे.

म्हणून ग्रामपंचायतीने गावाचा स्वतःचा नकाशा करावा. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. मोबाइलवरील उपग्रहचित्राची मोठी प्रत काढून तिच्यावर सर्व वहाळ, घळी, मोऱ्या, घरे, शाळा, अंगणवाडी आणि समाजमंदिर दाखवावे, वहाळाच्या दोन्ही बाजूंची आणि विशेषतः त्याच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाची घरे रंगवावीत, कारण वेगात आलेला लोंढा वळणावर पात्र सोडून सरळ जातो. या नकाशावर ग्रामसभेत चर्चा होऊ द्यावी. अनुभव असा आहे की, कागदावर स्वतःचे घर रंगवलेले दिसले म्हणजे सभेला येण्याची टाळाटाळ करणाराही प्रश्न विचारू लागतो.

मागच्या पावसाळ्यानंतर वाडीच्या वरच्या उतारावर धनुष्याच्या आकाराची लांब भेग दिसते आहे. काही ठिकाणी खालची बाजू हातभर खचली आहे. भेग मुरूम टाकून बुजवावी का? त्याच डोंगरावर पाणी अडवण्यासाठी सलग समतल चर खणण्याचे कामही मंजूर आहे.
– एक वाचक, पाटण तालुका

आपल्या पत्राचे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता तहसीलदारांना लेखी अर्ज द्यावा, म्हणून आपणांस स्वतंत्रपणे कळवले आहे. येथील उत्तर इतर वाचकांसाठी आहे. धनुष्याकृती भेग आणि तिच्या खालची बाजू खचलेली असणे, याचा अर्थ उताराचा तो तुकडा हालू लागला आहे, एवढा स्पष्ट आहे. पुढच्या पावसाळ्यात तो जागेवर राहीलही, परंतु त्याच्या खाली माणसांनी पावसाळ्यात झोपू नये.

सह्याद्रीचा डोंगर काळ्या पाषाणाच्या थरांवर थर असा रचलेला आहे. काही थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा असतो, ज्यातून पाणी सहज खाली जात नाही. वर झिजून झालेला मुरूम आणि माती, खाली न झिरपणारा थर, अशा रचनेत सततच्या पावसाचे पाणी मधल्या मधे साचते, मातीच्या कणांना एकमेकांपासून ढकलू लागते आणि उताराची पकड सुटते. भेग असली की त्या पाण्याला आत जाण्याची उघडी वाट मिळते.

म्हणून भेग बुजवावी, पण मुरुमाने नव्हे. मुरुमातून पाणी झिरपते. चिकण माती थराथराने टाकून धुमसाने ठोकावी, वर पाणी वाहून जाईल असा उंचवटा ठेवावा. भेगेच्या वरच्या अंगाला उथळ चर काढून, त्यात जाड प्लास्टिक अंथरून, वरून येणारे पाणी बाजूच्या पक्क्या खडकाच्या ओहोळात सोडावे. शेजारच्या वाडीच्या डोक्यावर सोडू नये. हे सारे पावसापूर्वी करावे आणि एकदा पाऊस धरला की तेथे कोणीही जाऊ नये. भेग बुजवल्याने हालचाल थांबत नाही, केवळ पाणी आत जाणे कमी होते, हे सर्वांना नीट सांगावे, नाहीतर काम झाले म्हणून माणसे निश्चिंत होतात.

भेगेच्या दोन्ही अंगांना, बुजवलेल्या भागाबाहेर, दोन-दोन लोखंडी खुंट्या ठोकून त्यांमधील अंतर टेपने मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. उन्हाळ्यात महिन्याला एकदा आणि जूनचा पहिला जोर येईपर्यंत आठवड्याला एकदा, एवढे पुरे. अंतर वाढलेले दिसले, तर तेवढी एक नोंदही तहसील कार्यालयात तोंडी तक्रारीपेक्षा पुष्कळ बोलते. पाहणीसाठी भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे किंवा राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे तज्ज्ञ जिल्हा प्रशासनामार्फत बोलावता येतात.

समतल चरांविषयी माझे मत ठाम आहे. कमी पावसाच्या प्रदेशात पाणी जिरवणे हे पुण्याचे काम असेल. परंतु चार महिन्यांत काही हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या उभ्या, खोल मातीच्या उतारावर, आणि तेही वस्तीच्या वर, पाणी जिरवण्याचा चर खणणे म्हणजे जे पाणी वाहून जायला हवे तेच डोंगराच्या पोटात कोंबणे आहे. भेग असलेल्या उतारावर तर ते काम ग्रामसभेच्या ठरावाने थांबवावे. माळीणच्या दुर्घटनेनंतरही उतारावर यंत्रांनी केलेले सपाटीकरण आणि त्यामुळे अडलेला नैसर्गिक निचरा यांची बरीच चर्चा झाली. चर काढायचेच असतील तर ते पाणी वाहून नेणारे असावेत.

पावसाचा लाल इशारा आला की आम्हांला शाळेत हलवतात. गेल्या दोन वर्षांत तीनदा हललो आणि काहीच झाले नाही. आता लोक हसतात. नेमके कधी हलायचे, हे गावाने स्वतः कसे ठरवावे?
– एक वाचक, महाड तालुका

आपल्या तालुक्याने २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते ही गावे आणि २०२१ च्या २२ जुलैला तळिये दरडीखाली गेलेले पाहिले आहे. तरीही लोक हसतात, यात मला नवल वाटत नाही. भिजत, पोराबाळांसह, गोठ्यातील जनावरे मागे ठेवून शाळेच्या फरशीवर रात्र काढायची आणि सकाळी घर जसेच्या तसे पाहायचे, हे चौथ्यांदा करायला कोणीही कुरकुर करील. दोष हसणाऱ्यांचा कमी आणि संपूर्ण जिल्ह्यासाठी दिलेल्या एका रंगावर गावाचा निर्णय सोपवण्याचा अधिक आहे.

हवामान विभाग २४ तासांतील ६४.५ मिलिमीटरपासूनच्या पावसाला जोरदार, ११५.६ पासूनच्या पावसाला अति जोरदार आणि २०४.५ पासूनच्या पावसाला अत्यंत जोरदार मानतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पहिला आकडा जुलैत अनेकदा ओलांडला जातो. दुसरीकडे, तळियेची दुर्घटना घडली त्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. डोंगराच्या एका कुशीत आणि दुसऱ्या कुशीत पावसाचा एवढा फरक पडतो की, तालुक्याच्या ठिकाणचा आकडा आपल्या घळीसाठी उपयोगी पडेलच असे नाही.

म्हणून पाऊस वाडीतच मोजावा. त्यासाठी सरळ उभ्या भिंतींचा, तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा स्टीलचा डबा पुरतो. झाड, पत्रा आणि पागोळ्यांपासून दूर, मोकळ्या जागी, जमिनीपासून हात-दीड हात उंच, सपाट बसवावा. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून पाण्याची उंची मोजावी, लिहावी आणि डबा रिकामा करावा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. जोराच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजताही मोजावे, कारण हलायचे की नाही हा निर्णय उजेडात घ्यायचा असतो. वायनाडमधील ह्यूम सेंटर या संस्थेने स्थानिक शेतकऱ्यांच्या मदतीने दोनशेहून अधिक ठिकाणी अशा पाऊसनोंदी घेण्याची पद्धत बसवली असून, २०२४ च्या दुर्घटनेच्या आदल्या दिवशी तिने प्रशासनाला धोक्याची सूचना दिली होती. सूचना असणे आणि माणसे हलणे यांत अंतर राहिले, हा तेथील दुःखाचा भाग आहे.

आकडा किती, हे दुसऱ्या गावाकडून उसना आणता येत नाही. सुरुवात म्हणून माझा सल्ला असा: आधीचे तीन-चार दिवस पाऊस सतत लागून राहिलेला असेल, हवामान विभागाचा नारंगी किंवा लाल इशारा असेल आणि आपल्या डब्यात त्या दिवशी संध्याकाळपर्यंतच १५० मिलिमीटरहून अधिक पाणी असेल, तर वहाळाच्या वाटेतील रंगवलेल्या घरांनी अंधार पडण्यापूर्वी हलावे. संपूर्ण गावाने नव्हे. तीसऐवजी आठच घरे हलवायची असली की त्यांची सोय नातेवाइकांकडेही होते आणि हसण्याचे कारणही कमी होते. दोन-तीन हंगामांच्या नोंदी हाती आल्या की आकडा वरखाली करावा.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसल्यावर डब्याकडे पाहायचे नाही. पाऊस चालू असताना वहाळाचे पाणी एकाएकी कमी झाले, तर वर कोठेतरी मातीने पात्र अडवले आहे आणि तो बांध फुटणार आहे असे समजावे. नेहमीचे गढूळ पाणी अचानक दाट, लाल चिखलाचे झाले, त्यात ताजी मोडलेली झाडे येऊ लागली, ओल्या मातीचा उग्र वास सुटला, वरून दगड घासल्याचा किंवा झाडे कडाडल्याचा आवाज आला, जमिनीत थरथर जाणवली, तर कोणाच्या आदेशाची वाट पाहू नये. पळायचे ते वहाळाला आडवे, जवळच्या दांडावर किंवा उंचवट्यावर. वहाळाच्या बाजूने खाली रस्त्याकडे नव्हे. रात्री ही खूण ज्याला प्रथम कळेल त्याने काय वाजवायचे, देवळातील घंटा, थाळी की भोंगा, हे आधी ठरलेले असावे, कारण अशा रात्री मोबाइलला रेंज असेलच असे नाही.

जनावरांविषयी फारसे बोलले जात नाही, पण माणसे परत फिरतात ती बहुधा गोठ्यासाठीच. इशाऱ्याच्या दिवशी दुभती जनावरे दुपारीच वरच्या माळावर नेऊन बांधावीत किंवा निदान दावी सोडून ठेवावीत, असे सभेत ठरवून घ्यावे. आणि ज्या शाळेत आपण हलता, ती शाळा वहाळापासून किती अंतरावर आहे, हेही एकदा नकाशात पाहावे. मी पाहिलेल्या एका गावात निवाऱ्यासाठी ठरवलेली इमारत वहाळाच्या वळणावर, बाहेरच्या अंगाला होती.

वाडीच्या वर झाडे लावली किंवा वहाळाच्या तोंडावर संरक्षक भिंत बांधली तर प्रश्न सुटेल का?
– एक वाचक, खेड तालुका, जिल्हा रत्नागिरी

झाडे लावावीत, उथळ घसरणीला मुळे धरून ठेवतात. मात्र मुळांच्या खाली, खोलवर सुटणाऱ्या मातीला ती अडवू शकत नाहीत. वायनाडच्या दरडीचा उगमही चहाच्या मळ्यांच्या वर, वनक्षेत्रात होता. भिंतीबाबत सावध राहावे. जपानमध्ये अशा लोंढ्यांसाठी पात्रात उघड्या गाळ्यांचे बंधारे बांधतात, ज्यांतून पाणी निघून जाते आणि धोंडे-झाडे अडतात; पण त्यांची जागा व ताकद अभियंते ठरवतात आणि मागे साचलेला भराव वेळोवेळी उपसावा लागतो. ग्रामपंचायतीच्या निधीतून उभी केलेली पुरुषभर उंचीची दगडी भिंत फुटून तिचेच दगड लोंढ्यात सामील होतात. त्यापेक्षा रस्त्याखालच्या मोऱ्या पाहाव्यात. फूट-दोन फूट व्यासाच्या पाइपची मोरी एका ओंडक्याने तुंबते आणि वहाळ रस्त्यावरून घरांकडे वळतो. मेअखेर मोऱ्या साफ कराव्यात आणि नवे काम निघेल तेव्हा पाइपऐवजी उघड्या गाळ्याचा छोटा पूल मागावा.

लोंढा येऊन गेल्यानंतर शेजाऱ्यांच्या मदतीला किती वेळाने जावे?
– एक वाचक, जुन्नर तालुका

हात जोडून बसा असे कोणालाही सांगता येणार नाही. पहिल्या तासाभरात वाचतात ती माणसे बहुधा शेजाऱ्यांनीच काढलेली असतात. परंतु वायनाडमध्ये पहिल्या लोंढ्यानंतर काही तासांतच दुसरा आला, हे लक्षात ठेवावे. एका माणसाला टॉर्च आणि शिट्टी देऊन वरच्या अंगाला, पात्राबाहेर, सुरक्षित दांडावर उभे करावे; त्याने इशारा देताच सर्वांनी आडवे बाहेर पडायचे. पात्राच्या मधोमध नव्हे, तर लोंढ्याच्या कडेला अडकलेल्यांकडे आधी जावे. ताजा भराव वरून टणक दिसला तरी आत माणूस कमरेपर्यंत रुततो, म्हणून फळ्या किंवा दरवाजे आडवे टाकून त्यांवरून जावे. ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लागेपर्यंत एकाने फोन लावतच राहावे. पाऊस थांबला तरी मातीतील पाणी लगेच उतरत नाही, त्यामुळे वरचा उतार कोणीतरी जाणकाराने पाहिल्याशिवाय वाचलेल्या घरांत मुक्कामाला परतू नये.

शोधपथक आल्यावर त्याचा पहिला प्रश्न असतो, कोणत्या घरात त्या रात्री किती माणसे होती. लावणीच्या दिवसांत पाहुणे, मजूर, मुंबईहून आलेली मुले अशी वस्ती रोज बदलते. घरागणिक माणसांची यादी जूनमध्ये करून ती दर आठवड्याला दुरुस्त करावी आणि तिची एक प्रत पोलीस पाटलांकडे व एक गावाबाहेर राहणाऱ्या विश्वासू माणसाकडे ठेवावी.